ओळख, मत आणि विवेक : उज्जैनच्या राखीव जागेवरून एक ऐतिहासिक विचार

उज्जैनची लोकसभेची जागा १९६७ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. या शहरात शिंदेशाहीपासून वसलेली मराठी घराणी आहेत. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, त्या काळापासून मराठी भाषा येथे नांदत आहे. आजूबाजूच्या खेड्यांत माळव्याचे बलाई, खाती, राजपूत, पाटीदार आहेत. शहरात बोहरा व्यापारी आहेत. केरळातून सेवाकार्यासाठी आलेले सिरो-मलबार परंपरेचे कॅथलिक आहेत. आणि कॅनडातील प्रेस्बिटेरियन मंडळीने १८७७ पासून इंदुरात व पुढे माळव्यात जे कार्य केले, त्याच्या श्रमांतून वाढलेली प्रॉटेस्टंट कुटुंबेही आहेत. मतदानाच्या दिवशी हे सर्व लोक एकाच रांगेत उभे राहतात आणि ज्यांच्यातून त्यांना निवड करावयाची असते, ते सारे उमेदवार एकाच घटनात्मक प्रवर्गातील असतात.

या साध्या वस्तुस्थितीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, स्वजातीचा उमेदवार पाहून मत द्यावयाचे असे ज्याने ठरविले असेल, त्या उज्जैनच्या बहुसंख्य मतदारास असा उमेदवार सापडतच नाही. त्याला दुसरे काही कारण शोधावे लागते. दुसरी गोष्ट अधिक दुःखाची आहे. ज्या ख्रिस्ती कुटुंबाचे पूर्वज याच जातींतून ख्रिस्ताकडे आले, त्या कुटुंबातील व्यक्तीस या जागेसाठी मत देता येते, परंतु उभे राहता येत नाही. एकाच मतदारसंघात ओळखीचे बंधन एकीकडे सैल झालेले आणि दुसरीकडे घट्ट आवळलेले दिसते.

मत कोणाचे असते? ज्याच्या बोटाला शाई लागते त्याचे, की तो ज्या समाजात जन्मला त्या समाजाचे? या प्रश्नाला आपल्या देशात, विशेषतः मराठी मुलखात, कोणकोणती उत्तरे दिली गेली याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

१. 'वंश' या शब्दाविषयी

राज्यघटनेच्या ३२५ व्या कलमाने प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदारयादी ठेवली असून केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कोणाचेही नाव तीतून वगळता येत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाने धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे हा निवडणुकीतील भ्रष्ट आचार मानला आहे. दोन्ही ठिकाणी 'वंश' हा शब्द आहे. परंतु आपला सामान्य मनुष्य स्वतःची ओळख वंशाने क्वचितच सांगतो. तो जात सांगतो, गाव सांगतो, मंडळीचे नाव सांगतो.

वंशाच्या निकषावर प्रतिनिधित्व दिल्याचे ठळक उदाहरण घटनेत एकच होते, आणि ते ख्रिस्ती समाजाच्याच एका घटकाचे होते. अँग्लो-इंडियन कोण, हे ३६६ व्या कलमात पितृपरंपरेतील युरोपीय वंशावरून ठरविले आहे. या समाजाचे दोन सभासद लोकसभेवर नेमण्याचा अधिकार राष्ट्रपतींना होता. जबलपूर येथे जन्मलेले फ्रँक अँथनी हे अशा नेमणुकीने अनेक वर्षे लोकसभेत बसले. १०४ व्या घटनादुरुस्तीने ही तरतूद जानेवारी २०२० पासून संपुष्टात आली. येथे ओळखीचा मान राखला गेला, परंतु त्या सभासदाच्या निवडीत त्या समाजातील मतदाराला काहीच विचारले जात नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

जात म्हणजे वंश नव्हे. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे हे मत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात साधार खोडून काढले. तथापि निवडणुकीच्या व्यवहारात जात पुष्कळदा तेच कार्य करते जे अन्य देशांत वंश करतो : ती जन्माने चिकटते, आणि मनुष्याने तोंड उघडण्यापूर्वीच इतर लोक तिच्यावरून त्याचे मोल ठरवितात. म्हणून पुढील विवेचनात दोहोंना सामावून घेणारा 'ओळख' हा शब्द योजला आहे.

२. स्वतंत्र मतदारसंघ आणि ख्रिस्ती समाज

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमान मतदारांसाठी स्वतंत्र मतदारसंघ निर्माण केले. १९१९ च्या सुधारणांनी हे तत्त्व पुढे नेले. मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी संयुक्त मतदारसंघांत सात जागा राखून ठेवण्यात आल्या. त्याच वर्षी साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण आंबेडकरांनी एक मूलभूत मुद्दा मांडला होता. मतदार उमेदवाराची योग्यता पारखून मत देतो हे गृहीत धरणे आपल्या समाजात चुकीचे आहे. जेथे लोकांचे एकमेकांशी दळणवळणच नाही, तेथे मत आपल्या गटापलीकडे जातच नाही, असा त्याचा आशय होता. मतदाराच्या स्वातंत्र्याला समाजरचनेच्या भिंती असतात, ही जाणीव येथून मराठी राजकारणात आली.

ख्रिस्ती समाजात या प्रश्नावर एकमत नव्हते. पहिल्या गोलमेज परिषदेत, १९३० साली, ख्रिस्ती प्रतिनिधी के. टी. पॉल यांनी स्वतंत्र मतदारसंघांना विरोध केला. तरुण ख्रिस्ती संघाच्या कार्यात आयुष्य वेचलेल्या या गृहस्थांचे मत असे होते की ख्रिस्ती मनुष्याने राष्ट्राच्या मुख्य प्रवाहात राहूनच सेवा करावी. ते १९३१ मध्ये निवर्तले. दुसऱ्या परिषदेत डॉ. एस. के. दत्त यांनी तीच भूमिका घेतली. उलट, मद्रास इलाख्यातील कॅथलिक नेते ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी करणाऱ्या अल्पसंख्याकांच्या संयुक्त निवेदनावर सही केली. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने पन्नीरसेल्वम यांची बाजू उचलून धरली. १९३५ च्या कायद्यानुसार मुंबईच्या विधानसभेतील १७५ जागांपैकी तीन जागा हिंदी ख्रिस्ती मतदारांसाठी ठेवल्या गेल्या. त्या जागांसाठी मत देणारेही ख्रिस्ती आणि उमेदवारही ख्रिस्ती.

या दोहोंपैकी एकाला राष्ट्रप्रेमी व दुसऱ्याला स्वार्थी म्हणणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. अल्पसंख्य समाजाचे मत मोठ्या लोंढ्यात बुडून जाईल ही भीती खरी होती. तरीही या व्यवस्थेत एक उणीव होती. ख्रिस्ती मतदाराला दोन ख्रिस्ती उमेदवारांत निवड करता येई, पण आपला न्याय कोण अधिक करील, ख्रिस्ती की अख्रिस्ती, हा प्रश्न विचारण्याची मुभाच त्याला राहिली नव्हती. त्याच्या वतीने तो प्रश्न सरकारने आधीच सोडवून टाकला होता.

यापूर्वीच मुंबईच्या एका मराठी ख्रिस्ती पुढाऱ्याने आपल्या आचरणाने वेगळे उत्तर दिले होते. माझगावच्या माथारपाखाडीतील जोसेफ बाप्टिस्टा, म्हणजे लोकांचे 'काका' बाप्टिस्टा, हे ईस्ट इंडियन समाजाचे होते. या समाजाने हे नाव १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरिया यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, स्वतःस घेतले होते. कंपनीच्या जुन्या काळापासून आपण इंग्रजांचे प्रजाजन आहोत आणि बाहेरून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून निराळे आहोत, हे त्यातून सुचवावयाचे होते. अशा समाजात जन्मलेले बाप्टिस्टा लोकमान्य टिळकांचे सहकारी झाले, १९१६ च्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. त्यांनी आपले ख्रिस्तीपण लपविले नाही, आपली ईस्ट इंडियन बोली सोडली नाही. परंतु आपले राजकीय मत समाजाच्या नावाशी बांधूनही ठेवले नाही.

उज्जैन त्या वेळी ग्वाल्हेर संस्थानात होते. ब्रिटिश प्रांतांतील जातवार मतदारसंघांची ही योजना संस्थानी प्रजेला लागू नव्हती. १९४८ मध्ये ग्वाल्हेर मध्य भारतात सामील झाले, १९५६ मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला. लोकसभेसाठी उज्जैनचा मतदार पहिल्यांदा रांगेत उभा राहिला तो १९५१-५२ मध्ये, प्रौढ मताधिकाराच्या व संयुक्त यादीच्या नियमानेच.

३. येरवड्याचा करार

जातीय निवाड्याने अस्पृश्य वर्गांनाही स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. निवाड्यात प्रांतिक विधिमंडळांतील ७१ जागा होत्या. करारात त्या १४८ झाल्या, परंतु मतदारसंघ संयुक्त ठरले. अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक फेरीत चार उमेदवार निवडावयाचे आणि त्यांतून एक सर्व मतदारांनी निवडावयाचा, अशी तडजोड होती.

आंबेडकरांचा पुढील आयुष्यभराचा आक्षेप या अखेरच्या टप्प्याला होता. जो प्रतिनिधी बहुसंख्याकांच्या मतांवर निवडून येतो तो बहुसंख्याकांच्या मर्जीतला असणार. ज्यांच्या नावाने जागा राखली, त्यांचा तो राहणार नाही. हा आक्षेप आज उज्जैनच्या जागेलाही लागू पडतो, आणि म्हणून तो टाळून पुढे जाता येत नाही. मतदाराचे स्वातंत्र्य आणि प्रतिनिधीचे स्वातंत्र्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकाची सोय करताना दुसऱ्याची गैरसोय होऊ शकते.

४. १९४९ चा त्याग आणि त्याची किंमत

घटनासमितीत अल्पसंख्याकांविषयीच्या उपसमितीचे अध्यक्ष होते बंगालचे ख्रिस्ती विद्वान डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी. ऑगस्ट १९४७ मध्ये स्वतंत्र मतदारसंघ रद्द करून संयुक्त मतदारसंघांत लोकसंख्येप्रमाणे राखीव जागा ठेवण्याचे ठरले होते. मे १९४९ मध्ये त्यापुढील पाऊल टाकले गेले. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळांतील राखीव जागाही नकोत, ही भूमिका स्वतः मुखर्जी यांनी पुढे मांडली. सरदार पटेल यांनी तो प्रस्ताव घटनासमितीपुढे आणला. जेझुइट धर्मगुरू फादर जेरोम डिसूझा यांनी त्यास पाठिंबा दिला, बेगम ऐजाज रसूल यांनीही दिला. २६ मे १९४९ रोजी तो संमत झाला. अनुसूचित जाती व जमाती यांच्या राखीव जागा तेवढ्या राहिल्या.

ख्रिस्ती समाजाने आपला हिस्सा आपल्या हाताने सोडला, हे खरे आहे आणि अभिमानास्पद आहे. या विश्वासाला देशाने काही अंशी प्रतिसादही दिला. १९५२ मध्ये राजकुमारी अमृत कौर हिमाचलातील मंडी-महासू येथून, तर जोकिम आल्वा कारवारकडील कानडा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले. दोन्ही ठिकाणी मतदार बहुसंख्येने हिंदू होते.

परंतु इतिहासकाराने त्यागाचा हिशेब पुरा मांडला पाहिजे. ज्यांनी त्याग केला ते सुशिक्षित, प्रतिष्ठित ख्रिस्ती होते. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला आणि त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू नसलेल्यांना त्या यादीबाहेर ठेवले. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना त्यात स्थान मिळाले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. १९८५ च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मागणी मान्य केली नाही. २००७ मध्ये न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढून टाकावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. राखीव जागांचा त्याग मुंबई-कलकत्त्याच्या ख्रिस्ती नेत्यांनी केला. दुसरे दार मात्र अहमदनगर-जालन्याच्या खेड्यांतील ख्रिस्ती महार-मांगांसाठी बंद झाले, आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

५. मते कुजविणे : मुंबई १९५२, भंडारा १९५४

आता ज्या दोन निवडणुकांकडे वळावयाचे आहे, त्यांत आपला प्रश्न सर्वांत उघडपणे दिसून येतो.

त्या काळी काही मतदारसंघ द्विसदस्य असत. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते असत, परंतु दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. यातून एक क्लृप्ती निघाली. पहिले मत आपल्या माणसाला द्यावयाचे आणि दुसरे मत कोणालाच मिळणार नाही असे करावयाचे. मराठीत याला 'मत कुजविणे' असे नाव पडले.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबई मतदारसंघात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे आंबेडकर राखीव जागेसाठी व समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी उभे होते. आंबेडकरांना १,२३,५७६ मते पडली. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर १,३८,१३७ मते घेऊन विजयी झाले. ७४,३३३ मते बाद ठरली. ही मते हेतुपुरस्सर कुजविण्यात आली, तसा प्रचार कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे व इतरांनी केला, असा आक्षेप घेऊन आंबेडकर व मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध दाद मागितली. त्यांना यश आले नाही.

दोन वर्षांनी भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. ती ज्या खटल्यामुळे घ्यावी लागली, तो खटलाही ओळखीचाच होता. गंगाराम ठवरे हे महार जातीचे गृहस्थ महानुभाव पंथात गेले होते. पंथ जातिभेद मानत नाही, तेव्हा हे आता महार राहिले नाहीत, असे म्हणून राखीव जागेसाठीचा त्यांचा उमेदवारी अर्ज नाकारण्यात आला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की पंथ बदलल्याने जात आपोआप जात नाही. जुना समाज त्या मनुष्यास कसे वागवितो, त्याचा स्वतःचा हेतू काय आणि नव्या पंथाचे नियम काय, हे सर्व पाहिले पाहिजे. निवडणूक रद्द झाली. महानुभाव पंथीयास जी सवलत न्यायालयाने दिली, ती ख्रिस्ती मनुष्यास मिळाली नाही, हे येथे केवळ नोंदवून पुढे जाऊ.

भंडाऱ्यात पुन्हा आंबेडकर राखीव जागेसाठी व अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले. त्या प्रचारात वावरलेल्या कार्यकर्त्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींत असे येते की, अनुयायांनी दुसरे मत कुजवावे असा विचार मांडला गेला होता. तसे केले असते तर सर्वसाधारण जागेवरील कोणालाही ती मते न मिळता बाबासाहेबांच्या विजयाची शक्यता वाढेल, असे त्यांचे गणित होते. बाबासाहेबांनी त्यास साफ नकार दिला. ज्याने घटना घडविली त्याने मत फुकट घालविण्यास सांगावे, हे त्यांना मान्य नव्हते; त्यापेक्षा पराभव बरा, असे त्यांचे म्हणणे होते. निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले आणि आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभूत झाले.

हा प्रसंग विचार करण्याजोगा आहे. १९१९ मध्ये ज्यांनी सांगितले होते की मत गटापलीकडे जात नाही, त्यांनीच १९५४ मध्ये आपल्या गटाला सांगितले की दुसरे मत गटापलीकडे गेलेच पाहिजे. यात विसंगती नाही. भिंत आहे हे ओळखणे आणि भिंतीला नमन करणे यांत जे अंतर आहे, ते या पस्तीस वर्षांत दिसते. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. मत कुजविण्याची वृत्ती कायद्याने रद्द होत नाही.

६. अमेरिकेतील एक तुलना

गटाने दिलेले मत नेहमीच अविचारी असते काय? या प्रश्नासाठी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास उपयोगी आहे. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई झाली, तरी दक्षिणेतील राज्यांनी कर, परीक्षा व दहशत यांच्या योगाने तो बहुतांशी हिरावून घेतला. १९६५ च्या मताधिकार कायद्याने तो खऱ्या अर्थाने हाती आला. ज्यांना मत देता येई, ते कृष्णवर्णीय मतदार दीर्घकाळ लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाबरोबर राहिले. १९३६ मध्ये त्यांच्यापैकी बहुसंख्य रूझवेल्ट यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळले. मंदीच्या दिवसांत अन्न व काम कोणी दिले, याचा विचार त्यांनी केला आणि पूर्वजांच्या ऋणाचे बंधन बाजूला ठेवले.

तेव्हा पुष्कळांनी एकाच पक्षाला मत दिले एवढ्यावरून कोणी विचार केला नाही असे ठरत नाही. ज्यांची जखम एक, त्यांचे उत्तरही पुष्कळदा एक येते. त्यांना उद्देशून 'स्वतंत्र विचार करा' असे बाहेरच्याने सांगणे हा कधीकधी आपल्याच बाजूस मत मागण्याचा प्रकार असतो. कसोटी दुसरी आहे : ते उत्तर बदलण्याची मोकळीक मतदाराला आहे की नाही, आणि बदलल्यास त्याला आपल्याच लोकांत 'फितूर' ठरावे लागते काय?

७. उज्जैनची पाटी

या कसोटीवर उज्जैनचा इतिहास पाहू. जागा खुली असताना येथून काँग्रेसचे राधेलाल व्यास निवडून येत. ती राखीव झाल्यावर १९६७ मध्ये भारतीय जनसंघाचे हुकमचंद कछवाय आले. १९७१ मध्ये देशभर इंदिरा गांधींची लाट असता येथे जनसंघाचे फूलचंद वर्मा निवडून आले. १९८४ मध्ये काँग्रेसचे सत्यनारायण पवार, १९८९ पासून २००४ पर्यंत प्रत्येक निवडणुकीत भाजपचे सत्यनारायण जटिया, २००९ मध्ये काँग्रेसचे प्रेमचंद गुड्डू, त्यानंतर २०१४, २०१९ व २०२४ मध्ये पुन्हा भाजप. सर्व विजयी एकाच प्रवर्गातले, पण पक्ष निरनिराळे, आणि काही वेळा देशाच्या वाऱ्याच्या उलटही.

यावरून उज्जैनचा मतदार जात विसरला असे अनुमान काढणे भोळेपणाचे होईल. एका प्रवर्गात अनेक जाती असतात, आणि कोणत्या जातीची मते किती, हे गणित पक्ष उमेदवारी देतानाच मांडतात. मोठ्या दारातून अडविलेली जात खिडकीतून आत येते. शिवाय पक्षनिष्ठाही कालांतराने जातीसारखीच वंशपरंपरागत होऊ शकते. तरीही एक गोष्ट उरते. ज्या ब्राह्मणाने किंवा मराठ्याने आपल्या आयुष्यात कधी दलिताच्या हाती आपले गाऱ्हाणे दिले नव्हते, त्याला या जागेने दर निवडणुकीत दलित उमेदवारांची तुलना करावयास लावले : यांतला कर्तबगार कोण, प्रामाणिक कोण, आपले ऐकणारा कोण? पूर्वी ज्याला तो केवळ जातीने ओळखत होता, त्याला आता गुणांनी ओळखावे लागले. राखीव जागेचा हा परिणाम तिच्या हिशेबात क्वचितच धरला जातो.

आणि उज्जैनच्या ख्रिस्ती मतदाराचे काय? मध्य प्रदेशात २०११ च्या जनगणनेप्रमाणे ख्रिस्ती लोक हजारी सुमारे तीन आहेत. इतक्या लहान समाजाच्या मतांचा गठ्ठा कोणाला पाडणार नाही की तारणार नाही. काही बांधव याचा अर्थ असा घेतात की आपल्या मताला किंमत नाही. इतिहास याच्या उलट सांगतो. ज्याच्या मतासाठी कोणी सौदा करीत नाही, त्याला ते केवळ सदसद्विवेकाने देण्याची जी मोकळीक आहे, ती मोठ्या समाजांना सहजी मिळत नाही.

८. मंडळीचे काम

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आद्य मंडळीतील एका निवडीचा वृत्तांत आहे. हेल्लेणी भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत हेळसांड होते, अशी कुरकूर उठली. म्हणजे प्रश्न भाषेचा व कुळाचाच होता. प्रेषितांनी ती कुरकूर दाबली नाही, किंवा ती करणाऱ्यांस ऐक्याचे व्याख्यान दिले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावून सात माणसे निवडण्यास सांगितले आणि निकष दिले : नावलौकिक, आत्मा, ज्ञान. जे सात निवडले गेले त्या सर्वांची नावे ग्रीक आहेत आणि त्यांपैकी एक, अंत्युखियाचा निकलाव, तर यहूदी धर्म स्वीकारलेला परका होता. निकषांत कुळ नव्हते. निवडीत मात्र ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे स्मरण होते. संयुक्त मतदारांनी दुर्लक्षितांना न्याय देणारी माणसे निवडली, असे आजच्या भाषेत म्हणता येईल.

येथे मंडळीला दोन मर्यादा पाळाव्या लागतील. पहिली कायद्याची आहे. मतदार ईश्वरी कोपास किंवा धार्मिक बहिष्कारास पात्र होईल असे त्याच्या मनात भरविणे हा वर उल्लेखिलेल्या १२३ व्या कलमाखाली गैरवाजवी दबाव ठरतो. वेदीवरून उमेदवाराचे नाव घेणाऱ्या पाळकाने हे विसरू नये. मुंबईतील सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अभिराम सिंग खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन मतांनी ठरविले की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म वा जात पुढे करून मत मागणेही निषिद्ध आहे. तिघा न्यायमूर्तींचे भिन्न मतही मननीय आहे : ज्यांना ओळखीमुळेच अन्याय सोसावा लागला, त्यांना त्या अन्यायाविषयी निवडणुकीत बोलताच येऊ नये काय, असा त्यांचा रोख होता. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. पहिले मत ओळखीला हुकूम होऊ देत नाही. दुसरे मत तिला मुकी होऊ देत नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. दलित ख्रिस्ती बांधवांवरील अन्यायाविषयी मंडळीने बोललेच पाहिजे, आणि प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला त्याविषयी विचारले पाहिजे. परंतु उत्तर ऐकून निर्णय करण्याचे काम त्या त्या मतदाराचे आहे. घरातील मोठ्यांनी सुनेला, मालकाने गड्याला, पाळकाने मंडळीला आपले मत उसने देण्याचा प्रघात आपल्यातही आहे. तो थांबविण्यासाठी कायदा पुरा पडत नाही.

मतदान गुप्त ठेवण्यात घटनाकारांचा हेतू केवळ भीती दूर करण्याचा होता असे नाही. त्या आडोशामागे मतदार क्षणभर आपल्या समाजापासूनही एकटा होतो. तेथे तो आपली ओळख बाहेर टाकून येत नाही. ती त्याच्याबरोबर असतेच, आणि असावी. तिने त्याला सोसलेल्या गोष्टींची आठवण द्यावी, इतरांनी सोसलेल्या गोष्टीही दिसाव्यात अशी दृष्टी द्यावी. त्याचे बोट मात्र तिने धरू नये. भंडाऱ्यात ज्यांनी पराभव पत्करला पण मत कुजू दिले नाही, त्यांच्यापासून उज्जैनच्या लहानशा मंडळीला शिकण्यासारखे आहे ते एवढेच, आणि ते पुष्कळ आहे.